होस्टचे चार किताब आणि आमच्या पोरांच्या नडग्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चतुर्थी सरली, पाऊस ओसरू लागला की गोव्यातल्या किकबॉक्सिंगच्या वर्गांत पुन्हा गर्दी होते. म्हापसा, डिचोली, फोंडा, मडगाव, कुठेही जा, पोरांच्या मोबाइलवर जुन्या हेवीवेट लढतींचे तुकडे फिरत असतात. तुकडा अर्ध्या मिनिटाचा असतो. एक ठोसा बसतो, एक धिप्पाड माणूस आडवा होतो आणि चित्रफीत संपते. त्यावरून पोरे ठरवतात की वजन वाढवायचे आणि ठोसा वाढवायचा. पालकही ते उचलून धरतात आणि पावडरच्या डब्याला पैसे देतात. हेवीवेट म्हटले की ज्याचे नाव घेतले जाते त्या डच किकबॉक्सर एर्नेस्टो होस्टची कारकीर्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली तर ती नेमकी याच्या उलट बाजूने साक्ष देते. स्पर्धांचा हंगाम तोंडावर आहे, म्हणून हे पत्र.

आधी नाव. इंग्रजी स्पेलिंग पाहून पोरे ‘हूस्ट’ म्हणतात. डच भाषेत ते दोन ओ म्हणजे आपला लांब ओ, म्हणून होस्ट. जन्म ११ जुलै १९६५, नेदरलँड्समधल्या होर्न गावी. घराणे मूळ सुरिनामचे. ॲमस्टरडॅममध्ये योहान व्होस यांच्या तालमीत तो घडला. त्या शहरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस जपानमधून किकबॉक्सिंग आले, त्यात क्योकुशिन कराटेतली मांडीवरची लाथ आली, थायलंडची नडगी आली आणि युरोपातली बॉक्सिंग तर आधीपासून होतीच. या तिघांची मोट बांधून जी पद्धत तयार झाली तिला आज सगळे ‘डच शैली’ म्हणतात. होस्टइतकी ती स्वच्छ क्वचितच कुणी खेळला असेल. त्याला ‘मिस्टर परफेक्ट’ म्हणत, ते या स्वच्छतेसाठी.

के-वन वर्ल्ड ग्रां प्री या जपानी स्पर्धेचे चार किताब त्याच्या नावावर आहेत: १९९७, १९९९, २००० आणि २००२. या चार अंतिम लढती कशा सुटल्या ते पोरांनी वहीत लिहून ठेवावे. १९९७ साली अँडी हूगविरुद्ध पंचांच्या निर्णयाने. १९९९ साली मिर्को फिलिपोविचविरुद्ध बरगडीखाली बसलेल्या डाव्या हुकने, म्हणजे बाजूने फिरवलेल्या ठोशाने. २००० साली रे सेफोविरुद्ध पुन्हा पंचांच्या निर्णयाने. २००२ साली जेरोम ल बानेरविरुद्ध, हातावर बसलेल्या किकांनी. चारपैकी एकही अंतिम लढत डोक्यावरच्या ठोशाने संपलेली नाही. मोबाइलवरच्या तुकड्यांत हा माणूस कमी का दिसतो, त्याचे उत्तर इथे आहे.

आता वजनाचे. पहिली ग्रां प्री ३० एप्रिल १९९३ रोजी टोकियोच्या योयोगी व्यायामशाळेत झाली. आठ खेळाडू आणि एकच रात्र. होस्टने पीटर आर्ट्सला निर्णयाने हरवले, मॉरिस स्मिथला डाव्या हाय किकने, म्हणजे डोक्यावरच्या लाथेने, झोपवले आणि अंतिम फेरीत ब्रांको चिकाटिचकडून पहिल्याच राउंडमध्ये स्वतः झोपला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच आयोजकांनी के-टू नावाची हलक्या गटाची स्पर्धा घेतली. मर्यादा ७९ किलोची. ती होस्टने जिंकली! म्हणजे ज्याला आपण हेवीवेटचा मेरू समजतो तो वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ७९ किलोच्या काट्यावर उभा राहू शकत होता. शंभराच्या पुढे तो नंतर, वर्षावर वर्ष घालून गेला. पहिला किताब मिळाला तेव्हा वय ३२, शेवटचा मिळाला तेव्हा ३७. आणि आमच्याकडे सोळा वर्षांच्या मुलाला सहा महिन्यांत १२ किलो चढवून वजनाची वरची मर्यादा नसलेल्या ‘ओपन’ गटात उतरवायची घाई.

चढवलेले ते १२ किलो बहुतेक पोटावर आणि कुल्ल्यावर बसतात. किक मारताना उभ्या पायाला तेवढे जास्त वजन फिरवावे लागते, टाच वळत नाही, गुडघ्याला पीळ बसतो. वर्षभरात गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखू लागले की समजावे वजन आधी आले आणि पाय मागे राहिला. वाढ पूर्ण झालेल्या, नियमित सराव करणाऱ्या मुलाने वर्षाला दोन-तीन किलो कामाचे वजन कमावले तरी पुष्कळ झाले. त्यासाठी लागते ते दर किलो वजनामागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिन. हे अंडी, बांगडा, चणे, मसूर, कुळीथ आणि दही यांतून भागते. शंभर ग्रॅम बांगड्यात साधारण वीस ग्रॅम प्रथिन असते, हे पावडर विकणारा सांगणार नाही.

होस्टच्या ठेवणीतला डाव सांगायला सोपा आहे: जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा), डावा हुक आणि शेवटी उजवी लो किक, म्हणजे मांडीवरची लाथ. शेवटचा तुकडा सगळ्यांना दिसतो. आधीचे तीन कशासाठी, ते वर्गात शिकवले जात नाही. डावा हुक मारताना आपली कंबर उजवीकडे वळते, म्हणजे उजव्या किकला लागणारा पीळ आपोआप भरला जातो. समोरच्याने तो हुक हाताने अडवला तरी त्याचे वरचे अंग त्याच्या डावीकडे ढकलले जाते आणि भार पुढच्या, म्हणजे डाव्या पायावर येतो. भार असलेला पाय उचलता येत नाही, म्हणून किक चेकही करता येत नाही, म्हणजे पाय उचलून नडगीवर अडवता येत नाही. शिवाय तीन ठोसे चेहऱ्याकडे आल्यामुळे हात वर आणि नजरही वर. किक येते ती नेमकी या क्षणी, त्याच पायावर. हुक हलका बसला तरी चालतो. त्याचे काम भार सरकवण्याचे आहे. बॅगवर चौकडी घोटणारी पोरे हुक जोरात आणि किक दमून मारतात, तिथेच गणित उलटे होते.

किकचा तपशील असा. डावे पाऊल सरळ पुढे टाकायचे नाही. साधारण ४५ अंशांत बाहेर, स्वतःच्या पावलाच्या लांबीइतके. पाऊल टेकतानाच चवडा बाहेर वळलेला हवा आणि किक बसते त्या क्षणी टाच समोरच्याकडे झालेली हवी. खुबा उलटला पाहिजे, पाय गवत कापल्यासारखा आडवा न जाता किंचित वरून खाली आला पाहिजे. मारायचे नडगीने, घोट्याच्या वर चार बोटे सोडून पुढच्या भागाने. लक्ष्य समोरच्याच्या मांडीची बाहेरची बाजू, गुडघ्याच्या वर वीतभर. तिथला मोठा स्नायू मांडीच्या हाडावर चेचला जातो. पहिल्या राउंडमध्ये नुसते दुखते. दुसऱ्यात तो पाय टेकायला कचरतो, तिसऱ्यात ठोसा मारायलाही त्या पायावर भार घेता येत नाही. हातही मग मांडी सांभाळायला खाली येऊ लागतात आणि वरची वाट उघडते. किक पायावर, निकाल डोक्यावर, असेही होते.

यात चुकते कुठे? चार ठिकाणी. पहिले, अंतर. लांबून मारली तर नडगीऐवजी पावलाची पाठ बसते आणि तिथली हाडे बोटाएवढी बारीक. समोरच्याचे कोपर किंवा गुडघा मधे आला की मोडली म्हणून समजा. दुसरे, हात. उजवी किक मारताना उजवा हात तोलासाठी खाली झुलला तर चालतो, डावा मात्र गालावरून हलता कामा नये, कारण किकवर येणारे ठरलेले उत्तर म्हणजे सरळ उजवा ठोसा. तिसरे, उघडी किक. आधी ठोसा नाही, चकवा नाही, नुसतीच लो किक. ती पहिल्या दोन वेळा बसते, तिसऱ्या वेळी समोरचा गुडघा वर उचलतो आणि आपल्या नडगीचा मधला भाग त्याच्या नडगीच्या वरच्या टोकावर, म्हणजे सगळ्यात जाड हाडावर आदळतो. एप्रिल २०१४ मध्ये इस्तंबूलला टायरोन स्पाँगचा पाय गोखान साकीविरुद्ध असाच चेक झालेल्या किकवर मोडला. तो शिकाऊ नव्हता, जगातल्या पहिल्या फळीतला होता. चौथी चूक परतीची. किक बसल्यावर पाय जिथे पडेल तिथे पडू देणे. पाय मागे मूळ पवित्र्यात आला पाहिजे, नाहीतर आपण आडवे उभे राहतो आणि पाठीमागून ठोसा खातो.

चेक कसा करायचा हे किकच्या आधी शिकवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुढचा पाय उचलायचा, गुडघा बाहेर ४५ अंशांत, पाऊल वर ओढलेले, हात जागेवर. उचल नाभीपर्यंत नको. गुडघा कंबरेच्या थोडा खाली पुरे. पाय जास्त उचलला तर एका पायावर फार वेळ राहतो आणि पुढचा ठोसा आडवा करतो. दोन महिने नुसते चेक आणि पायांची हालचाल शिकलेली मुले नंतर वर्षभर कमी जखमी होतात. पालकांना हे दोन महिने ‘काही शिकवत नाहीत’ असे वाटतात, त्याला इलाज नाही.

१९९९च्या अंतिम लढतीतल्या त्या डाव्या हुकबद्दल थोडक्यात. उजव्या बरगडीच्या खालच्या कडेला, यकृतावर तो बसतो. वेदना लगेच येत नाही. एक-दोन सेकंद माणूस उभा असतो, मग रक्तदाब घसरतो आणि गुडघे दुमडतात. डोके शाबूत असते, इच्छा असते, शरीर ऐकत नाही. मारताना वाकायचे गुडघ्यातून, कंबरेतून नव्हे. कंबरेतून वाकलेल्याला समोरच्याचा गुडघा तोंडावर मिळतो.

आता त्या स्पर्धेच्या आराखड्याकडे येऊ, कारण आमची खरी तक्रार इथे आहे. आठ खेळाडू, एक रात्र, प्रत्येकी तीन मिनिटांचे तीन राउंड, जिंकायचे तर तीन लढती. अशा रात्री सगळ्यात जोरदार माणूस जिंकतोच असे नाही. पहिल्या दोन लढतींतून धडधाकट बाहेर पडलेला जिंकतो. २००१ साली होस्टने उपान्त्यपूर्व फेरीत स्टेफान लेकोला हरवले आणि जखमेमुळे त्याला स्वतःला पुढे जाता आले नाही. हरलेला लेको त्याच्या जागी उपान्त्य फेरीत उतरला. पुढच्या वर्षी नेमके उलटे झाले. ७ डिसेंबर २००२, टोकियो डोम. सुमारे १७० किलोच्या बॉब सॅपने होस्टला दुसऱ्या राउंडमध्ये थांबवले. त्याआधी ऑक्टोबरमध्येही सॅपविरुद्धची लढत डॉक्टरांनी होस्टच्या जखमेमुळे पहिल्याच राउंडमध्ये थांबवली होती. सॅप जिंकला, पण त्याचा हात मोडला. त्याच्या जागी होस्ट परत आत आला. उपान्त्य फेरीत पायाच्या दुखापतीमुळे सेफो पहिल्याच राउंडमध्ये थांबला आणि अंतिम फेरीत ल बानेर समोर आला.

लोक म्हणतात, नशीब! आम्हाला ते अर्धेच पटते. सॅपचा हात उगाच मोडला नाही. अवाढव्य वजन, लांबून घुमवलेले ठोसे आणि समोर आखडून बसलेला, कोपरे-कपाळ पुढे ठेवणारा माणूस. मूठ कपाळावर किंवा कोपरावर तिरकी बसली की करंगळीच्या बाजूची हाडे आधी जातात. पंजा तेवढे वजन पेलायला घडलेलाच नाही. ल बानेरचे तर शुद्ध तंत्र. तो डावखुऱ्या पवित्र्यात उभा राही, म्हणजे डावा हात मागे. उजव्या पवित्र्यातल्या माणसाची उजवी किक अशा माणसाच्या उघड्या बाजूला, म्हणजे डाव्या हातावर आणि बरगडीवर येते. होस्टने त्या हातावर किका चढवल्या आणि तिसऱ्या राउंडमध्ये ल बानेरच्या डाव्या हाताचे हाड मोडले. किक हाताने अडवणे म्हणजे ती थांबवणे नव्हे, हे आमच्या मुलांना याहून चांगले कोण सांगणार? शंभर किलोच्या माणसाची मिडल किक, म्हणजे बरगडीच्या उंचीची लाथ, एका हाताने घ्यायची नसते. एक तर पाय उचलून नडगीवर घ्यावी, नाहीतर मागे सरकावे, नाहीतर दोन्ही हात जोडून, अंग आत घुसवून तिचा जोर मारावा.

गोव्यात धिर्यो (बैलांच्या झुंजी) पाहिलेल्या पिढीला सॅप-होस्ट लढतीत काय आवडते ते आम्हाला कळते. दोन जड जनावरे आणि मोठा आवाज. धिर्योला उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बंदी घातली, पण माणसांच्या बाबतीत ‘ओपन हेवीवेट’ नावाखाली तोच हिशेब अजून चालतो. किकबॉक्सिंगचा जागतिक महासंघ असलेल्या वाकोच्या नियमांत प्रौढ पुरुषांचा सर्वांत जड गट ९१ किलोच्या वर सुरू होतो आणि त्याला वरची मर्यादा नाही. छोट्या स्पर्धांत जड पोरे मोजकीच येतात, म्हणून ८२ किलोचा सतरा वर्षांचा मुलगा आणि ११५ किलोचा तीस वर्षांचा गडी एकाच कागदावर ओढले जातात. आयोजक म्हणतात, दुसरा कुणी नाही. मग लढत लावू नका! १५ किलोहून अधिक फरक असेल तर प्रदर्शनी सराव ठेवा, पदक दोघांना द्या, पण पूर्ण ताकदीची लढत नको. अठराखालच्या मुलाला प्रौढांत उतरवणे तर कोणत्याही फरकाने नको.

त्याच कागदावर दुसरी चूक होते. सकाळी वजन, दुपारी पहिली लढत, तासाभरात दुसरी, संध्याकाळी अंतिम. वाकोच्या हौशी नियमांत राउंड दोन मिनिटांचे, एकूण तीन, डोक्याला शिरस्त्राण आणि नडगीला गार्ड असते हे खरे; तरीही लो किक किंवा के-वन नियमांखाली एका दिवसात तीन लढती म्हणजे टोकियो डोमची नक्कल, आणि तीही टोकियो डोममधले डॉक्टर नसताना. आमची मागणी साधी आहे. पूर्ण संपर्काच्या प्रकारांत एका मुलाची दिवसाला एकच लढत. स्पर्धा दोन-तीन दिवस चालू द्या, नाहीतर कमी गट ठेवा. रिंगजवळ डॉक्टर आणि दारात रुग्णवाहिका नसेल तर घंटा वाजू नये. नॉकआउट झालेल्या किंवा डोक्याच्या मारामुळे थांबवलेल्या मुलाला किमान ३० दिवस स्पॅरिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) बंद. तीन महिन्यांत पुन्हा तेच झाले तर ९० दिवस. हे त्याच्या वहीत तारखेसह लिहून, प्रशिक्षक आणि पालक दोघांची सही घ्यावी. वही घरी राहिली म्हणून बंदी टळता कामा नये. यादी आयोजकांकडेही हवी.

नडग्यांवर आता. बागायतीत माडाला लाथा मारणारी पोरे सत्तरी तालुक्यात दिसतात, पेडण्यातही दिसतात. माड मारू नये. हाड घट्ट होते ते थोड्या थोड्या भाराने आणि मधल्या विश्रांतीने. माडाच्या खोडावर नडगीच्या हाडावरची नाजूक आवरणत्वचा सुजते, बारीक चिरा पडतात आणि तिथली संवेदना गेली की मूल त्याला ‘पाय तयार झाला’ म्हणते. तो तयार झालेला नसतो, बधिर झालेला असतो. लाथ मारायचीच असेल तर घड उतरवलेल्या केळीचा खांब बरा. तसाही तो कापायचाच असतो, मऊ असतो आणि मार शोषतो. चिकाचे डाग मात्र कपड्यांवरून जात नाहीत, जुनी चड्डी घालावी.

खरे काम बॅगवर. लांबी १५० ते १८० सेंमी हवी, म्हणजे लो किकला खालचा भाग मिळतो. चार फुटी बॉक्सिंग बॅग हवेत लटकते आणि मुले मांडीऐवजी कमरेवर मारायला शिकतात. वजन मुलांसाठी ३० ते ४० किलो, जड प्रौढांसाठी ५० ते ६०. आत चिंध्या भराव्यात. वाळू भरली तर ती महिन्याभरात बुडाशी बसते आणि नेमक्या लो किकच्या उंचीला बॅग दगड होते. सुरुवात दर बाजूला ५० किका, आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. सहा महिन्यांत हळूहळू १५० पर्यंत. नडगीवर बोट फिरवून एका ठिकाणी टोकदार दुखले आणि ते रात्री पडल्यावरही दुखत राहिले, तर किका बंद आणि एक्स-रे. सुरुवातीच्या एक्स-रेत बारीक चीर दिसतेच असे नाही, म्हणून दुखणे टिकले तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढावा.

गोव्यात आणखी एक घोळ आहे. घरोघरी फुटबॉलचे शिनगार्ड पडलेले असतात आणि पालक म्हणतात, हेच चालतील. चालत नाहीत. फुटबॉलचा गार्ड कडक प्लास्टिकचा, आखूड आणि पाऊल उघडे ठेवणारा. तो किक मारणाऱ्याला वाचवतो, समोरच्याची मांडी फोडतो, आणि सरकून फिरला की त्याची कड कापते. किकबॉक्सिंगचा गार्ड मऊ भरावाचा, गुडघ्याखालपासून पावलाच्या पाठीपर्यंतचा, मागे दोन पट्ट्यांचा. घालून दहा किका मारल्यावर तो पोटरीकडे फिरत असेल तर माप मोठे आहे.

ग्लोव्ह सामन्यात १० औंसांचे म्हणजे साधारण २८० ग्रॅमचे. सरावात जड मुलांसाठी १६ औंस, साडेचारशे ग्रॅम. दहाच्या ग्लोव्हने स्पॅरिंग करू देऊ नये. आतली पट्टी साडेचार मीटरची: मनगटाला तीन फेरे, सांध्यांवर तीन, बोटांच्या फटींतून एकेक, अंगठ्याभोवती एक आणि उरलेले सगळे मनगटावर. मूठ उघडी असताना पट्टी आरामात, मूठ आवळल्यावर घट्ट वाटली पाहिजे. उघड्या पंजातच बोटे निळी पडू लागली तर सोडून पुन्हा बांधावी.

मांडीवर मार बसल्यावर घरी जे होते ते मात्र ताबडतोब थांबले पाहिजे. आजी खोबरेल कोमट करून चोळते, कुणी गरम वाळूची पोटली देते. प्रेम समजते, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळणे आणि शेकणे दोन्ही घातक. आत रक्त साठलेले असते. चोळल्याने ते वाढते आणि काही वेळा स्नायूच्या आतच हाड धरू लागते. मग महिनोन् महिने गुडघा पूर्ण दुमडत नाही. योग्य रीत अशी: पहिल्या काही मिनिटांतच गुडघा जितका सहज दुमडेल तितका दुमडून, बँडेजने तसाच ठेवायचा, शक्य तर पहिले २४ तास. बर्फ फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटे, दर दोन-तीन तासांनी. पाय उंच. चालणे कमी. दुसऱ्या दिवसापासून वेदनेच्या आत राहून हळूहळू वाकवणे. पळणे तेव्हाच, जेव्हा दोन्ही गुडघे सारखे दुमडतात. मांडी दगडासारखी ताठ झाली, पाऊल बधिर पडले, बोटे वर उचलेनात किंवा लघवी चहासारखी तांबडी झाली तर घरी थांबू नये, रात्र असली तरी बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ) गाठावे. अशा वेळी तासांचा हिशेब असतो.

उकाड्याचे दोन शब्द. ऑक्टोबरची उष्णता आणि आपली दमट हवा यांत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. सरावाआधी आणि नंतर काट्यावर उभे राहावे. जितके किलो गेले त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत भरून काढावे. नुसते पाणी ढोसू नये. मीठ घातलेली पेज याला उत्तम, शहाळेही चालते. वजन उतरवण्यासाठी प्लास्टिकचे जाकीट घालून पळणारा मुलगा दिसला तर त्याला त्या दिवशी वजनकाट्यावर चढू देऊ नये.

पावसाळ्यात वापरलेले सामान हंगामाआधी तपासावे. ग्लोव्हच्या आत काळे ठिपके, कुबट वास म्हणजे बुरशी. त्यातून हातांना नायटा होऊ शकतो. चटया रोज सरावानंतर पुसाव्यात, एक लिटर पाण्यात १० मिलि घरगुती ब्लीच. गजकर्ण दिसलेला मुलगा औषध सुरू होऊन डाग सुकेपर्यंत चटईवर येऊ नये. ग्लोव्ह उन्हात वाळवू नयेत, चामडे तडकते. सराव संपल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवावेत, रात्री एकदा बोळे बदलावेत. आपल्या दैनिकाच्या शिळ्या अंकांचा एवढा उपयोग आमच्या सगळ्या वर्गांत होतो, हे आपल्याला कळवायला हरकत नाही.

के-वनमधून होस्ट थांबला तो २ डिसेंबर २००६ रोजी, त्याच टोकियो डोममध्ये. वय ४१. उपान्त्य फेरीत २१२ सेंमी उंचीच्या सेमी स्खिल्टकडून निर्णयाने हरून. स्खिल्टचेही पुढे चार किताब झाले आणि थोर कोण हा वाद पोरे घालत बसतात, घालू द्या. त्या शेवटच्या रात्रीही त्याने आधी चालिद अराबला हरवले होते. एकेचाळिसाव्या वर्षी एका रात्रीत दोन लढती पूर्ण खेळून, दोन्ही पायांवर उभा राहून तो रिंगमधून उतरला. ते पाय सोळाव्या वर्षी माडावर घासलेले असते तर उतरला नसता.

हंगामाचे वेळापत्रक छापताना आपल्या क्रीडा पानावर स्पर्धेच्या नावाखाली दोन ओळी वाढवाव्यात, ही विनंती: रिंगजवळ डॉक्टर कोण आणि एका खेळाडूच्या दिवसाला लढती किती. आयोजकांकडून ही माहिती मिळाली नाही तर जागा कोरी सोडावी. वाचणाऱ्या पालकांना ती कोरी जागा बरोबर समजेल.

आपले,
डिचोली व म्हापसा परिसरातील काही किकबॉक्सिंग प्रशिक्षक
(नावे व पत्ते संपादकांकडे दिले आहेत)